आश्लेषेवर जन्मलेली मुलगी

(वाचन : स्तोत्रसंहिता १४७ : ३–४, यिर्मया १० : २, आमोस ५ : ८)



गेल्या महिन्यांत घाटावरील एका लहान मंडळीच्या उपदेशक बंधूंचें पत्र आमच्या हातीं आलें. त्यांच्या मंडळींतील एका मुलीची सोयरीक ठरली होती. दोन्ही घरें ख्रिस्ती. दोन्ही घरांत आजोबांच्या काळापासून शास्त्रवाचन व प्रार्थना चालत आलेली. साखरपुड्याचा दिवस तेवढा नेमावयाचा राहिला होता. इतक्यांत मुलाच्या आईनें कोणाच्या तरी मोबाइलवरील पंचांगांत मुलीची जन्मवेळ घालून पाहविली, आणि मुलगी आश्लेषा नक्षत्रावर जन्मलेली निघाली. आश्लेषेची सून सासूच्या मुळावर येते, हा समज आपणां सर्वांच्या कानांवरून गेलेला आहे. सोयरीक मोडली असें कोणी म्हणालें नाहीं. "पुढें पाहूं" एवढाच निरोप आला. खेड्यांत ज्यांनीं सोयरिकी जुळविल्या आहेत त्यांना ह्या दोन शब्दांचा अर्थ फोडून सांगावयास नको. मुलगी दोन रविवार उपासनेस आली नाहीं. उपदेशक बंधू विचारतात, त्या आईला मंडळीपुढें उभें करावें काय?

आमचें उत्तर लांबलें. पत्र आलें त्या आठवड्यांत आम्ही रोज रात्रीं दुर्बीण घेऊन गच्चीवर बसत होतों. तेव्हां मनांत आलें कीं जें नक्षत्र एका घरांत एवढें भय घालीत आहे तें आधीं आपल्या डोळ्यांनीं पाहून यावें आणि मग लिहावें.

आमचें राहणें नवी मुंबईंत, नेरुळास. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि खाडीच्या काठच्या गांवांभोवतीं हें शहर वसत गेलें. येथें रात्रीं आकाश काळें होतच नाहीं. पाम बीच रस्त्यावरील दिव्यांची रांग, उरणच्या बाजूस बंदराचे झोत, आणि हिंवाळ्यांत त्यांवर पसरणारें धुरकें. राखेनें अर्धवट घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखा आकाशाचा रंग दिसतो. आमची दुर्बीण सहा इंच व्यासाच्या आरशाची, लांकडी बैठकीवर हातानेंच फिरवावयाची. तिला विजेची गरज नाहीं, आणि शिकवणीचीही फारशी नाहीं.

पौषांत संध्याकाळ सरतांना कृत्तिका डोक्यावर येतात. आमच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनीं मोजल्या तर त्या चारच भरल्या. तुमच्या अंगणांतून सहा सहज दिसतील, आणि चांगल्या नजरेच्या मुलास सातवीही सांपडेल. दुर्बीण लावल्यावर मात्र त्या चारांच्या जागीं निळसर पांढरे तारे इतके उमटले कीं चाळीसपर्यंत मोजून आम्हीं हिशेब सोडून दिला. ज्योतिषशास्त्रज्ञांनीं ह्या एका गुच्छांत हजारावर तारे मोजले आहेत. सुमारे ४४० प्रकाशवर्षें दूर, एकाच मेघांतून सुमारें दहा कोटी वर्षांपूर्वीं जन्मलेलीं हीं भावंडें अजून एकमेकांच्या ओढीनें एकत्र चाललीं आहेत. ईयोबाच्या ग्रंथांत देव ईयोबाला कृत्तिकांच्या बंधनाविषयीं प्रश्न करितो, तो अडतिसाव्या अध्यायांत पाहावा. कोणी म्हणेल, पाहा, आजचा शोध पवित्र शास्त्रांत आधींच लिहिलेला होता. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. ईयोब राखेंत बसलेला, सर्वस्व गमावलेला मनुष्य होता. त्याला तेथून उठवून प्रयोगशाळेंत बसविल्यानें शास्त्राचा मान वाढत नाहीं. त्याला विचारलें गेलें तें एवढेंच कीं हें जुळविणें तुझ्या हातचें आहे काय.

नंतर दुर्बीण मृगाकडे वळविली. मृगाचे चार पाय आणि पोटांत रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आपण प्रत्येकानें लहानपणीं ओळखला आहे. त्या बाणाच्या दक्षिणेस तीन अंधुक ठिपके एका ओळींत लोंबतात. त्यांतील मधला ठिपका तारा नव्हे, तो तेजोमेघ आहे. प्रथम पाहतां कांहींच नाहीं असें वाटतें. भिंगावर कोणी फुंकर घातली असावी तसा एक धूसर डाग. पण डोळे अंधाराला सरावावयास वीस-पंचवीस मिनिटें लागतात, आणि त्या अवधींत एकदांही दिव्याकडे पाहिलें कीं केलेलें सारें फुकट जातें. शिवाय मंद वस्तूकडे रोखून पाहावयाचें नसतें. किंचित् बाजूस पाहावें, म्हणजे ती दिसूं लागते; कारण डोळ्याच्या मध्यापेक्षां त्याच्या कडेला मंद प्रकाशाची ओळख अधिक असते. असें बसलों तेव्हां त्या डागाला पंख फुटले, आणि त्याच्या पोटांत चार लहानसे तारे लुगड्याच्या पदरावरील टिकल्यांसारखे वेगवेगळे दिसले. ह्या चौघांच्या तेजानेंच मुख्यतः तो सारा मेघ उजळतो. तेथें वायु व धूळ गोळा होऊन आजही नवे तारे जन्मत आहेत. तेथून निघालेला प्रकाश आम्हांपर्यंत पोंचावयास सुमारें १,३०० वर्षें लागतात. समोर समुद्रांत घारापुरीचीं लेणीं आहेत. तीं कोरून शंभराहून अधिक वर्षें लोटल्यावर तो प्रकाश वाटेस लागला.

शेजारचा एक मुलगा पाहून गेला आणि हिरमुसला. मोबाइलवर त्यानें हाच मेघ गुलाबी व जांभळा पाहिला होता. आम्हीं त्याला सांगितलें कीं छायाचित्र प्रकाश सांठवीत राहतें, डोळ्याला तें करितां येत नाहीं. परंतु तुझ्या डोळ्यांत आतां जें शिरलें तें चित्र नव्हे, तो तेथूनच आलेला प्रकाश होता. त्याची समजूत पटली असें वाटलें नाहीं. (एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या विज्ञान कॉलेजांतील पारशी प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनीं दुर्बिणीनें ह्याच मेघाचा वर्णपट तपासला होता. मराठी मुलखांत हें पाहणें नवें नव्हे, हें त्या मुलाला सांगावयाचें राहून गेलें.) आमच्या इमारतीचे रखवालदार मामा मूळचे सोलापुराकडील. त्यांनीं दुर्बिणींत डोळा घातला, बराच वेळ पाहिलें, आणि म्हणाले, "आमच्या खळ्यावर ह्यापेक्षां जास्त फुकट दिसतं, साहेब. फक्त वर कोण बघतंय?"

ह्या बोलण्यानें आम्ही दुसऱ्या शनिवारीं दुर्बिणीची नळी गोधडींत गुंडाळून ठाण्याला गाडी बदलली आणि कर्जतच्या लोकलनें वांगणीस गेलों. मुंबईच्या खगोल मंडळाचे लोक अनेक वर्षें तेथें रात्रभर आकाशदर्शनाचे कार्यक्रम करीत आलेले आहेत. बदलापुराकडील क्षितिज आतां तेथूनही उजळलेलें दिसतें. तरी डोक्यावर अंधार शिल्लक आहे. नेरुळास पुष्य नक्षत्राच्या जागीं नुसत्या डोळ्यांना कांहींच दिसत नव्हतें. येथें तेथें एक पांढुरका ठिपका होता. गॅलिलिओनें १६१० सालीं आपल्या लहानशा दुर्बिणींतून ह्याच ठिपक्यांत चाळीसाहून अधिक तारे मोजले. आमच्या दुर्बिणींत तो मधाच्या पोळ्यावर माशा बसाव्या तसा पसरला. तारे त्याच रात्रीं नेरुळावरही होतेच. त्यांना अंधारानें झांकलें नव्हतें. आम्हीं लावलेल्या दिव्यांनींच झांकलें होतें.

आणि पुष्याच्या शेजारीं, किंचित् दक्षिणेस, आश्लेषा. वासुकीच्या फण्याचा पांच-सहा ताऱ्यांचा लहानसा वेढा. एवढी दहशत घालणारें नक्षत्र पाहावयाचें म्हणून आम्हीं डोळा लावला. खरें सांगावयाचें तर ह्याहून गरीब नक्षत्र हिंवाळ्याच्या आकाशांत शोधूनही मिळणार नाहीं. कृत्तिका निदान सख्खीं भावंडें आहेत. आश्लेषेचे तारे एका घरचेही नाहींत : एक सुमारें १३० प्रकाशवर्षांवर, दुसरा ४०० हून अधिक प्रकाशवर्षांवर. येथून पाहणाऱ्याला ते जवळ वाटतात एवढेंच. तेथेंच जवळ दुर्बिणीनें एक मंद गुच्छ दिसतो, त्याचें वय सुमारें चार अब्ज वर्षें, म्हणजे जवळजवळ आपल्या सूर्याच्या वयाचा. त्या थंडींत आम्ही त्याच्याकडेच अधिक वेळ पाहत बसलों.

आतां आश्लेषेवर जन्म म्हणजे काय, हेंही पाहूं. चंद्राच्या वाटेचे सत्तावीस भाग कल्पिले आहेत, आणि एकेका भागांतून जावयास चंद्राला सुमारें एक दिवस लागतो. जन्माच्या वेळीं चंद्र ज्या भागांत असेल तें जन्मनक्षत्र. चंद्र आपल्यापासून ३ लाख ८४ हजार किलोमीटर. त्याच्या मागें दिसणारे तारे इतके दूर कीं चंद्राचा प्रकाश सव्वा सेकंदांत येथें पोंचतो आणि त्यांचा प्रकाश पोंचावयास पिढ्या जातात. चंद्र तेथें जात नाहीं; तो फक्त आपल्या नजरेंत त्यांच्या बाजूस आलेला दिसतो. दर महिन्याला एक दिवस असें होतें, म्हणजे सत्तावीस माणसांत एक आश्लेषेचा. ह्या देशांत १४० कोटींहून अधिक माणसें. तेव्हां आश्लेषेचीं पांच कोटींवर, आणि त्यांत अडीच कोटींच्या आसपास लेकी-सुना. त्या साऱ्या सासूच्या मुळावर येत्या, तर पंचांग पाहावयाला सासूच उरली नसती.

शेतकरी बंधूंना आणखी एक गोष्ट विचारावीशी वाटते. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस संपला कीं ऑगस्टच्या आरंभीं आपण कोणाची वाट पाहतों? आश्लेषेचीच, जिला कित्येक गांवीं आसळका म्हणतात. तेव्हां सूर्य त्या भागांत असतो, म्हणून ते तारे आपणांस दिवसाच्या उजेडांत दिसत नाहींत. हिंवाळ्यांत तेच रात्रभर वर असतात. नक्षत्रावरून ऋतु ओळखणें हें शहाणपण आहे, आणि उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायांत आकाशांतील ज्योतींकडे हें काम सोंपविलेलें आहे. पण पिकाला जिचें पाणी चालतें, तिची मुलगी मात्र घरांत चालत नाहीं, हा न्याय कोठला?

आमोस मेंढरें राखणारा होता, उंबरांची निगा राखणारा होता. रात्रीं त्यानें कृत्तिका व मृग पाहिले आणि लोकांना ते करणाऱ्याकडे वळावयास सांगितलें. तो ताऱ्यांना भ्याला नाहीं, कारण त्यानें ते पाहिले होते. यिर्मयाच्या दिवसांतील लोक आकाशांतील चिन्हांना भीत होते, आणि तें भय त्यांना शेजारच्या राष्ट्रांकडून आलें होतें. परंतु संदेष्ट्याचा राग शेजाऱ्यांवर नाहीं, त्याचें बोलणें आपल्याच घराशीं आहे. आम्हीही घराबाहेर बोट दाखवीत नाहीं. आमच्याच घरीं अनेक वर्षें अमावस्येला प्रवासास निघत नसत, आणि कारण विचारल्यास "गाडीला गर्दी असते" असें सांगितलें जाई. अमावस्येला गाडीला गर्दी नसते, हें आम्हांस पुढें दुर्बीण घेऊन जाऊं लागल्यावर कळलें.

म्हणून उपदेशक बंधूंना आमचें सांगणें असें कीं त्या आईला मंडळीपुढें उभें करूं नका. ती दुष्ट नाहीं, ती भ्यालेली आहे; आणि भ्यालेल्या माणसाला चारचौघांत लाजविलें तर तें भय जात नाहीं, लपून बसतें. तिच्या घरीं जाऊन बसा. तिचा एकुलता मुलगा आहे, नवरा वारलेला आहे, हें तुम्हींच लिहिलें आहे. मग मरणाची भीति तिला नक्षत्रानें शिकविली कीं घरानें, हें तिलाच बोलूं द्या. मुलीकडे मात्र त्याआधीं जा, आजच जा. स्तोत्रकर्त्यानें एकशें सत्तेचाळिसाव्या स्तोत्रांत ताऱ्यांची मोजदाद सांगितली आहे, आणि तिच्या लगेच आधींच्या वचनांत भंगलेल्या अंतःकरणांची मलमपट्टी. दोन्ही कामें एकाच हाताचीं. मुलीला तेथें बसून तीं दोन वचनें वाचून दाखवा, आणि त्यावर भाष्य करूं नका.

येत्या माघी अमावस्येला आम्ही दुर्बीण घेऊन तुमच्या गांवीं येत आहों. अमावस्या निवडण्याचें कारण एवढेंच कीं त्या रात्रीं चंद्र नसतो. सायंकाळच्या एस्. टी.नें पोंचूं; नळी लांब आहे, तरी कंडक्टर बहुधा ओरडत नाहींत. दोन्ही घरांना निरोप द्या, पण कशासाठीं हें सांगूं नका. सारी मंडळी येणार आहे असें सांगा, आणि सारी मंडळी बोलवाही. आधीं कृत्तिका व मृग दाखवूं, नऊनंतर आश्लेषा पुरेशी वर येईल. त्या आईंना पहिल्या रांगेंत बसवा. त्यांना गुडघ्यांचा त्रास असल्यास दुर्बिणीशीं एक खुर्ची ठेवावी. दंव पडतें, तेव्हां प्रत्येकानें घोंगडी आणावी. आणि प्रार्थनामंदिराच्या दारावर मंडळीनें नवा बसविलेला मोठा दिवा आहे, तो त्या रात्रीं आठपासून कृपा करून बंद ठेवावा.