जाऊ नकोस, बाळा



२१ जून हा संत अलॉयसियस गोन्झागा यांचा सण. तसबिरीत लिलीच्या फुलांसोबत दिसणारे हे तरुण संत मरण पावले ते मात्र रुग्णांची सेवा करताना.

१५९१ साली रोममध्ये दुष्काळ आणि रोगाची साथ एकदमच आली. येशूसंघाने रुग्णालय उघडले. संघातले तरुण रुग्णांची सेवा करू लागले. त्यांतले काही स्वतःच आजारी पडून मरण पावले. तेव्हा वरिष्ठांनी अलॉयसियस यांना तिथे जायला मनाई केली. त्यांचे वय पुरते २३ देखील नव्हते.

हा वरिष्ठांचा भित्रेपणा होता का? मला तसे वाटत नाही. भीतीचे मूळ प्रेमात असते, असे संत थॉमस अक्विनास सांगतात. जे आपले नाही ते हरवण्याची भीती कोणाला वाटते? अलॉयसियस यांचे वडील फेरान्ते यांनीही पूर्वी त्यांना वर्षानुवर्षे अडवले होते, पण तिथे थोरला वारस हातचा जाणार होता. वरिष्ठांना वतन सांभाळायचे नव्हते. त्यांनी नुकतीच तरुण मुले पुरली होती.

तरीही प्रश्न उरतोच. रस्त्यावर पडलेला रुग्णही कोणाचा तरी मुलगा होता. 'दुसऱ्याचा जाऊ दे, माझा नको' असे आपण तोंडाने म्हणत नाही. आपली भीती म्हणते. २०२० साली करोनाच्या वॉर्डात ज्यांच्या मुली नर्स म्हणून ड्युटीवर जात होत्या, त्या आईबापांना हे वेगळे सांगायला नको.

अलॉयसियस यांनी विनवणी सोडली नाही. शेवटी वरिष्ठांनी मधला मार्ग काढला: सांत्वन मातेच्या नावाच्या रुग्णालयात जा, तिथे साथीचे रुग्ण घेत नाहीत. बापाचे मन असेच चालते. जाऊ देतो, पण जरा सुरक्षित जागी! तिथेच त्यांनी एका रुग्णाला उचलून घेतले आणि तो साथीचा निघाला. ३ मार्चला ते अंथरुणाला खिळले, २१ जूनला देवाघरी गेले.

त्यांचे आध्यात्मिक पिता रॉबर्ट बेलार्मिन त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी मोठे. ते पुढे कार्डिनल झाले, १६२१ साली वारले. आपल्याला या मुलाच्या पायाशी पुरावे, अशी त्यांची इच्छा होती. १९२३ साली त्यांचे अवशेष रोममधील संत इग्नेशियस चर्चमध्ये, अलॉयसियस यांच्या कबरीजवळ ठेवण्यात आले.