मेमिनी

लॅटिनमध्ये 'मला आठवतं' हे 'मेमिनी' या एका शब्दात सांगता येतं. अर्थ वर्तमानाचा, रूप मात्र पूर्ण भूतकाळाचं. वर्तमानकाळाची रूपं या क्रियापदाला नाहीतच. मनाने काहीतरी धरलं, ते धरणं केव्हाच पुरं झालं, आणि आज उरली आहे ती त्यातून आलेली स्थिती. संस्कृत शिकलेल्याला हे परकं वाटू नये. 'वेद' हे क्रियापदही असंच आहे: रूप परोक्ष भूतकाळाचं, अर्थ 'मी जाणतो'. 'मेमिनी'तला पहिला 'मे' म्हणजे 'चकार', 'ददर्श' यांच्यातल्यासारखी द्विरुक्ती. ती बाजूला केली की उरतो आपल्या 'मन्' धातूचा सख्खा भाऊ.

मला अधिक ओढ आहे ती या क्रियापदाच्या कर्माची. आठवलेला माणूस इथे पुष्कळदा षष्ठीत येतो. पाणिनीनेही स्मरणार्थक धातूंच्या कर्माला षष्ठी सांगितली आहे. 'मातुः स्मरति' हे तिथलं नेहमीचं उदाहरण. आईला नव्हे, आईचं स्मरतो. आठवणीत माणूस सगळा हाती लागत नाही, त्याचं काहीतरी लागतं, हे या षष्ठीइतकं नेमकं मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही. लॅटिनला द्वितीयाही चालते, पण माणसाच्या बाबतीत ती मुख्यतः आपल्या हयातीत पाहिलेल्यासाठी. इ.स.पू. 43 मधल्या पाचव्या फिलिपिक भाषणात सिसेरो सिन्ना या रोमन सत्ताधीशाला द्वितीयेत आठवतो. सिन्ना मरून चार दशकं उलटली होती, पण त्याची राजवट सिसेरोने ऐन तारुण्यात पाहिली होती.

आज्ञार्थी रूप 'मेमेन्तो'. त्यातला 'तो' जुन्या लॅटिनमध्ये 'तोद्' होता, म्हणजे 'भवतात्'मधला 'तात्'च. रोमन कायद्यांत हा प्रत्यय सतत भेटतो, कारण ही आज्ञा पुढे पाळत राहायची असते. 'आत्ता आठव' असं सांगणारं साधं आज्ञार्थी रूप या क्रियापदाला नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (1962–65) गोव्यातल्या चर्चांमध्ये मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. त्यातल्या मुख्य प्रार्थनेत पाद्री 'मेमेन्तो' दोनदा म्हणे, एकदा जिवंतांसाठी, एकदा मृतांसाठी. ही आज्ञा माणसांना नव्हती, देवाला होती. आणि त्याने ज्यांची आठवण ठेवायची, ते त्याचे दास आणि दासी तिथे षष्ठीतच येत.