टीएसआय घेऊ की टीडीआय?

गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या मावसभावाने तीन आठवडे आम्हाला एकाच प्रश्नाने पिडलं. जुनी पोलो जीटी घ्यायची, एवढं ठरलं होतं. पण कोणती? मानेवाड्यात एक पांढरी टीएसआय विकायला होती आणि जरीपटक्यात एक लाल टीडीआय. दोन्ही २०१५ च्या, दोन्हींचं रनिंग जवळपास सारखं, किमतीत पंधरा हजारांचा फरक. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज यायचा, "भाऊ, मी टीडीआयच घेऊन राहिलो." सकाळी उठलं की दुसरा, "नाही बे, टीएसआय."

ज्यांना गाड्यांचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फोक्सवॅगनची पोलो भारतात २०१० ते २०२२ या काळात विकली गेली. ती आपल्या चाकणला बनायची. २०१३ साली तिच्या दोन जोरकस आवृत्त्या आल्या, आधी पेट्रोलवरची जीटी टीएसआय आणि काही महिन्यांनी डिझेलवरची जीटी टीडीआय. टीएसआयमध्ये १.२ लिटरचं टर्बो इंजिन आणि सात गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी. टीडीआयमध्ये आधी १.६ आणि २०१४ पासून १.५ लिटरचं डिझेल, पाच गिअर, आणि ते आपल्या हाताने टाकायचे. गंमत अशी की ताकद दोन्हींची तेवढीच होती, १०५ पीएस. फरक होता तो टॉर्कमध्ये, म्हणजे गाडीला पुढे ढकलणाऱ्या जोरामध्ये. पेट्रोलचा १७५ न्यूटन-मीटर, डिझेलचा २५०.

मी दोन्हींत बसलो. वर्धा रोडने बुटीबोरीकडे गेलो. टीएसआय कधी गिअर बदलते ते कळतच नाही, पाण्यावरून सरकल्यासारखी जाते. टीडीआय आधी थोडी आळसावते, मग टर्बो जागा झाला की पाठीत कोणीतरी हात घालून ढकलल्यासारखं होतं. त्या धक्क्यासाठी लोक अजूनही जुन्या टीडीआय शोधत फिरतात आणि मला ते समजतं. एकीत गाडी तुमच्यासाठी काम करते. दुसरीत तुम्ही गाडीसोबत काम करता. कोणती चांगली?

इथे मला रूथ चँग आठवली. या अमेरिकन तत्त्वचिंतक बाईंनी २००२ मध्ये 'एथिक्स' या नियतकालिकात एक गाजलेला लेख लिहिला. आपण समजतो, दोन गोष्टींची तुलना केली की तीनच उत्तरं निघतात. ही सरस, ती सरस, किंवा दोन्ही समान. चँग म्हणते, चौथंही एक उत्तर आहे. दोन्ही समान असतील तर एकीकडे जरासं वजन टाकल्यावर काटा झुकायला हवा. म्हणून मी भावाला विचारलं, "टीएसआयवाल्याने पाच हजार कमी केले तर ठरलं?" तो म्हणाला, "नाही." "टीडीआयवाल्याने नवीन टायर टाकून दिले तर?" "तरी नाही." म्हणजे त्या समान नव्हत्याच. त्या एका तोलाच्या होत्या, पण एका मापाच्या नव्हत्या. चँगच्या मते अशा जागी कारणं बाहेर शोधून सापडत नाहीत. तुम्हीच एका पर्यायामागे उभे राहता आणि त्यातून तुम्ही कोण आहात ते घडत जातं.

करिअर निवडताना, लग्न करताना हे विचार आधार देतात. गाडीच्या बाबतीत मात्र मला ते जरा शंकास्पद वाटतात, कारण शोरूमवालाही वेगळं काही सांगत नाही. 'तुम्ही कोण आहात ते तुमची गाडी सांगते' हे आपण इतक्या जाहिरातींत ऐकलंय की त्यात तत्त्वज्ञान किती आणि विक्री किती, ते वेगळं काढता येत नाही. माझा भाऊ तीन आठवडे स्वतःलाच विचारत होता, मी ऑटोमॅटिकवाला माणूस की मॅन्युअलवाला? जणू त्या रस्त्यावर तो एकटाच होता.

तर रस्त्यावरच्या बाकीच्यांचा हिशोब करून पाहू, म्हणून मी कागद घेतला. चाचणीत टीएसआय लिटरला साधारण १७.२ किलोमीटर देते, १.५ टीडीआय १९.९. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, एक लिटर डिझेलमधून सुमारे २.७ किलो. भागाकार करा. दोन्हीकडे किलोमीटरला १३५ ग्रॅमच्या आसपास! ताकद तीच, कार्बनही तोच. मला वाटलं, बरोबरी झाली, आता आवड म्हणेल तसं करावं.

पण धुरात कार्बन डायऑक्साइड एकटाच नसतो. बीएस-४ च्या नियमांत पेट्रोल कारला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा होती किलोमीटरला ०.०८ ग्रॅम. डिझेल कारला ०.२५. तिप्पट, आणि तेही कायद्यानेच दिलेलं. हे वायू श्वासनलिकेला झोंबतात आणि कडक उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. कडक ऊन म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगायला नको. पेट्रोल काही तीर्थ नाही, थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनातूनही बारीक कण बाहेर पडतात. तरी या एका बाबतीत दोन्ही गाड्या एका तोलाच्या नाहीत.

शिवाय ती ०.२५ सुद्धा कागदावरची. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखायचं. चाचणीपुरती गाडी शहाण्यासारखी वागायची, रस्त्यावर आली की मोकाट. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. भारतात पुण्याच्या एआरएआय या संस्थेने तपासलं तेव्हा रस्त्यावरचं उत्सर्जन मर्यादेच्या १.१ ते २.६ पट भरलं. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने इथल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या. त्यात १.५ टीडीआयही होती. आपण भारतातला कोणताही नियम मोडलेला नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड केला, पुढे सर्वोच्च न्यायालयाने वसुलीला स्थगिती दिली.

मला या प्रकरणात राग येण्याआधी ओळख पटली. प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल आला की आपली जर्नल्स किती नीटनेटकी असायची! कोणी बघत असताना वेगळं आणि बघत नसताना वेगळं वागणं आम्हाला इंजिनीअरिंगच्या पहिल्याच वर्षी जमलं होतं. यंत्राला ते शिकवणारेही कधीतरी कुठल्या तरी कॉलेजात शिकलेच असतील.

हे सगळं भावाला सांगितलं. तो म्हणाला, "अबे, गाडी दहा वर्षांपूर्वी बनली. मी नाही घेतली तर दुसरा घेईल. आणि तिकडे कोराडीला ६६०-६६० मेगावॉटचे तीन संच कोळसा जाळून राहिले. माझ्या एका गाडीने काय होते?"

खरं सांगतो, याचं तोडीस तोड उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. नंतर जोनाथन ग्लोव्हर या इंग्रज तत्त्वज्ञाचा १९७५ चा निबंध सापडला. त्याचा विषयच हा, 'मी केलं काय नि नाही केलं काय, फरक पडत नाही'. त्यात एक गोष्ट आहे. एका गावात शंभर माणसं जेवायला बसली आहेत, प्रत्येकाच्या वाडग्यात शंभर दाणे. शंभर लुटारू येतात आणि प्रत्येक जण एकाचा वाडगा रिकामा करून जातो. काही लुटारूंचं मन खातं. पुढच्या खेपेला ते नवी युक्ती काढतात. प्रत्येक लुटारू प्रत्येक वाडग्यातून फक्त एक दाणा उचलतो. शंभरातला एक दाणा गेला तर कोणाला कळतं? कोणीच कोणाचं जाणवेल एवढं नुकसान केलेलं नाही. गाव मात्र तेवढंच उपाशी.

बुटीबोरीहून परत येताना आम्ही एका ठेल्यावर तर्री-पोहे खाल्ले होते. सिग्नलला लागूनच ठेला. पोहेवाले काका सकाळी सहापासून तिथे उभे असतात. भावाने टीडीआय त्यांच्या कढईपासून चार हातांवर उभी केली होती, इंजिन चालू ठेवून, आवाज ऐकवायला म्हणून. मीही ऐकत होतो. आवाज छानच होता. नागपुरात नीरीसारखी पर्यावरणाची राष्ट्रीय संस्था १९५८ पासून आहे, आणि केंद्राच्या २०१९ च्या स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत नागपूरही आहे. म्हणजे दाणे मोजणारे आपल्याकडे आहेत. वाडगे काकांसारख्यांचे आहेत. हिरवा दिवा लागला की आपण निघून जातो, म्हणून आपण उचललेला दाणा आपल्याला दिसत नाही.

पण माझ्या युक्तिवादाने भावाचं काही ठरलं नाही, हेही सांगायला हवं. ठरलं ते मावशीमुळे. ती वाळवणाच्या साड्यांच्या घड्या करत आमचं ऐकत होती. मध्येच म्हणाली, "यातली मला कोणती चालवता येईल?" मावशीने डाव्या गुडघ्यामुळे चार वर्षांपूर्वी जुनी कार चालवणं सोडलंय. क्लच दाबवत नाही. टीएसआयला क्लचचं पेडलच नाही. तीन आठवडे आम्ही टॉर्क बोललो, चरित्र बोललो, मी तर चँग आणि ग्लोव्हरपर्यंत पोचलो. घरात अजून एक लायसन्स आहे, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

टोकन दुसऱ्याच दिवशी गेलं. मानेवाड्याच्या माणसाने शेवटपर्यंत एक रुपया कमी केला नाही. भावाला अजूनही टीडीआयच्या त्या धक्क्याची आठवण येते आणि तो ते लपवत नाही. मावशी आता आठवड्यातून दोनदा धरमपेठेत भाजीला स्वतः गाडी नेते, पार्किंगवरून रोज कोणाशी तरी भांडते.

लाल टीडीआय आठ दिवसांत विकली गेली, भाऊ म्हणाला होता तशीच. गेल्या महिन्यात अजनी चौकात ती मला दिसली. नंबर पाठच होता. सिग्नलला नव्वद सेकंद होते आणि मी स्कूटरवर बरोबर तिच्या मागे. तोंडाला दुपट्टा बांधेपर्यंत पन्नास उरले.