मारेकऱ्याला वारसा

बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडला १५९१ साली बापलेक समोरासमोर आले, त्याचे मूळ एका खुनात आहे. १५८८ साली अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाला त्याच्या मुलाने, मिरान हुसेनाने, न्हाणीघरात कोंडून धगीने मारले. आधी बापानेच मुलाच्या अंथरुणाला आग लावली होती, असे फिरिश्ता लिहितो. शरा म्हणते, मारेकऱ्याला मयताचा वारसा नाही. तख्ताचा रिवाज म्हणतो, उरला तो धनी. आणि काजी नेमणार तख्तच! मग निवाडा करायचा कोणी?

मायबापांच्या सेवेसाठी पुंडलिकाने देवाला थांबवले, हे आपण वारीला जाणारे जाणतो. त्याच राज्यात, पैठणला, तेव्हा नाथमहाराज नांदत होते.

वर्षाच्या आत मिर्झाखानाने हुसेनाचे डोके उडवले. तो परदेशी, म्हणून जमालखानाने शहरातले परदेशी सरसकट कापून काढले. ह्याला न्याय कसा म्हणावा? ज्यांचा काही संबंध नव्हता तेही गेले. गादीवर बसवलेल्या इस्माईलवर त्याचा बाप बुऱ्हाण चालून आला. रोहिणखेडला जमालखान पडला, इस्माईल हाती लागला. बुऱ्हाणाने मुलाला कैदेत ठेवले. जीव घेतला नाही.