सुरळी

आज सकाळी ओट्याला टेकून, उभ्या उभ्या भाकरी खाल्ली. "बसा की जरा, घाई कसली एवढी?" हे ऐकून घेतलं, पण बसलो नाही. तव्यावरची भाकरी टेबलापर्यंत जाईतो तिचा फुगा बसतो आणि पापुद्रा वातड होतो. शाळूची भाकरी असेल तर थोडी दयामाया, बाजरीची तर मुळीच थांबत नाही. पापुद्रा उचलायचा, आतली वाफ जाऊ द्यायची, खर्डा पसरायचा, वर तेलाची धार, सुरळी करायची आणि दोन-तीन मिनिटांत संपवायची. उंब्रजमध्ये माझा जन्म गेला हे करण्यात. तरी ते मला नीट दिसलं ते न्यूयॉर्कात, हे सांगताना जरा ओशाळल्यासारखं होतं.

भाचीकडे गेलो होतो. एका दुपारी ती म्हणाली, "मामा, आज सुशी. नाक मुरडायचं नाही." मी मुरडलंच. कृष्णेकाठच्या माणसाला मासा वर्ज्य नाही. पण तो तिखटमिठात माखून, तव्यावर चुरचुरवून. कच्चा मासा म्हणजे अजून नुसता खरेदी झालेला मासा, जेवणातला नव्हे.

ती जागा बघून आधी वाटलं, हे हॉटेल नाहीच. टेबलं नाहीत, फक्त लाकडाचा एक लांब कठडा. अलीकडे आपण उंच स्टुलांवर, पलीकडे पांढऱ्या सदऱ्यातला आचारी. कागदाच्या चिठोरीवर पेन्सिलीनं खुणा करायच्या: सामन, टुना, कालवाचा भाऊबंद स्कॅलप, खेकडा. मी खेकड्यावर खूण केली. पावसाळ्यात ओढ्याला खेकडे धरलेत, रस्सा भुरकलाय. त्या यादीत तेवढाच एक ओळखीचा. शिवाय तो शिजवलेला असतो, हे भाचीनं कानात सांगितलं.

याला जपानी भाषेत तेमाकी म्हणतात. ते म्हणजे हात, माकी म्हणजे गुंडाळलेलं. हातसुरळी म्हणा. नोरी नावाच्या समुद्री शेवाळाचा कागदासारखा पातळ, काळसर हिरवा पत्रा. त्यावर व्हिनेगर लावलेला भात, भातावर मासा, आणि एक वळसा. घरोघरी तिचा आकार पानाच्या पुड्यासारखा, निमुळता. या नव्या दुकानांत ती सरळ नळीसारखी असते. फक्त हातसुरळ्याच विकायच्या, दुसरं काही नाही, अशी दुकानं अमेरिकेत फोफावली ती अलीकडे. २०१४ साली लॉस एंजेलिसमध्ये काझुनोरी नावाचं असं दुकान निघालं आणि मग ती टूमच झाली.

सगळी गंमत त्या नोरीत. ती उबदार डब्यात कोरडी ठणठणीत ठेवलेली असते. भात तिला लागला की घड्याळ सुरू. पहिल्या मिनिटात ती आपल्या भाजलेल्या पापडासारखी कडकन मोडते. जरा वेळ गेला की भातातला ओलावा पिऊन ती चामड्यासारखी चिवट होते, दातांनी ओढावी लागते. म्हणून आचारी पाच सुरळ्या एकदम करून ताटात मांडत नाही. एक करतो, देतो, तुमचं तोंड हलायचं थांबलं की दुसरी घेतो. भातसुद्धा गार नसतो, वाफाळता नसतो. माणसाच्या अंगाला जेवढी ऊब तेवढीच त्याला. मी फोन काढला, तर भाची म्हणाली, "फोटो नंतर, मामा. आधी खा." माझी आजी चुलीपुढे अगदी हेच म्हणायची, फक्त फोटोच्या जागी दुसरी काही टंगळमंगळ असायची.

पहिली सुरळी तयार झाली आणि आचाऱ्यानं ती कठड्यावरून पुढे केली. इथं माझ्या हातून एक गोष्ट घडली. बाकी लोक दोन बोटांत ती अलगद धरत होते. मी मात्र उजवा तळवा पसरला, खाली डावा हात लावला, आणि जरा वाकलो. पुजाऱ्यापुढे उभा असल्यासारखा. तो क्षणभर थबकला. मग त्यानं सुरळी माझ्या तळव्यावर ठेवली. टाकली नाही, ठेवली. त्याची बोटं ओली होती, भात चिकटू नये म्हणून तो ती सारखी पाण्यात बुडवत होता. ती ओल माझ्या हाताला लागली. भाची हसली. मीही हसलो. खेकडा चांगला होता, पण मनात राहिली ती ओल.

सुशी आधी अशी नव्हती. मुळात ती मासे टिकवायची रीत. मीठ लावलेला मासा भातात महिनोन् महिने आंबवायचा आणि खाताना आंबलेला भात फेकून द्यायचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, गाड्यांवर भाताच्या मुटक्यावर मासा ठेवून देणं सुरू झालं, आणि लोक ते उभ्यानं, हातानं खाऊ लागले. म्हणजे आपल्या वडापावचंच गोत्र. चॉपस्टिकचा मान नंतरचा. सुशी हातानं खाल्ली तर जपानी माणूस आजही नाक मुरडत नाही, हे कळल्यावर मला उगाच घरी आल्यासारखं वाटलं.

नोरीची गोष्ट मला नंतर कळली, आणि ती खेकड्यापेक्षा जास्त दिवस पुरली. जपानी कोळी शतकानुशतकं खाडीत बांबू आणि जाळी रोवून हे शेवाळ धरत आले. पण त्याचं बी येतं कुठून, उन्हाळ्यात ते जातं कुठं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर पीक बुडालं तेव्हा करायचं काय हेही कळेना. उत्तर सापडलं इंग्लंडमध्ये. कॅथलीन ड्र्यू-बेकर या मँचेस्टरच्या बाईंनी १९४९ साली दाखवून दिलं की हे शेवाळ आयुष्याचा एक भाग शिंपल्याच्या कवचात काढतं, आणि तिथं ते इतकं वेगळं दिसतं की शास्त्रज्ञांनी त्याला दुसऱ्याच जातीचं समजून निराळं नाव दिलं होतं. एवढं कळल्यावर जपानी लोकांनी टाक्यांमध्ये शिंपले टांगून नोरीचं बी धरायला सुरुवात केली. बाई स्वतः जपानला कधी गेल्या नाहीत. १९५७ साली त्या वारल्या. लग्न झालेल्या बाईला विद्यापीठात नोकरी नाही या नियमापायी त्यांची पगारी जागा गेली होती. पुढचं संशोधन त्यांनी बिनपगारी केलं. क्यूशू बेटावरच्या उतो गावात १९६३ साली त्यांचं स्मारक उभारलं. समुद्रमाता म्हणतात तिथं त्यांना. दर वर्षी १४ एप्रिलला तिथं त्यांचा सोहळा होतो.

१४ एप्रिल. वाचता वाचता मी थांबलो. त्या दिवशी आमच्याकडे आंबेडकर जयंतीचे निळे झेंडे लागलेले असतात.

उंब्रजहून कृष्णा ओलांडली की मसूर. हायवेवरच्या गिऱ्हाइकाला मसूर म्हटलं की कराडकडचा अख्खा मसूर आठवतो. तो कडधान्याचा, हे गाव वेगळं. गावाला रेल्वेस्टेशन आहे. १९०१ च्या उन्हाळ्यात त्या स्टेशनवर संध्याकाळी पाचच्या सुमाराला तीन मुलं उतरली. साताऱ्याहून निघाली होती, वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला, त्यांच्याकडे सुट्टीला चाललेली. दुष्काळी कामावर तळं खोदत होते, वडील तिथं खजिनदार. मुलांमधला एक नऊ-दहा वर्षांचा भीमराव, एक त्याचा थोरला भाऊ, एक भाचा. कपडे नवे, टोप्या जरीच्या. न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तरनं प्रेमानं चौकशी केली, कोण तुम्ही, आणि उत्तर ऐकताच तो मागे सरला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि वर अट पडली: गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान खाली चालणार.

हे सगळं बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवलं आहे. मी ते उशिरा वाचलं. शाळेत आम्हाला मसूरचा भूगोल होता, हा नव्हता. त्यातली एक गोष्ट मला सारखी टोचते. त्या मुलांकडे खायला होतं. घरून डबा भरून दिला होता. नव्हतं ते पाणी. रात्री जकात नाक्यावर भीमरावानं मुसलमान असल्याची बतावणी करून उर्दूत पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. भरला डबा जवळ असताना मुलं उपाशी झोपली.

साताऱ्याच्या शाळेतही तेच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव तिथं दाखल झालं. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. पण तिथला नळ त्या मुलानं हातानं उघडायचा नाही, शिपायानं उघडायचा. शिपाई नसेल तर तहान घेऊन घरी.

जपानही काही धुतल्या तांदळासारखा नाही. कातडी कमावणाऱ्या, जनावरं कापणाऱ्या बुराकुमिन लोकांना तिथंही गावकुसाबाहेर काढलेलं होतं. कायद्यानं ते १८७१ साली संपलं; मनातून संपायला कुठंही कायद्यापेक्षा जास्त वेळ लागतो. एका हातानं कापलेला मासा लोक आज चढ्या भावानं, हातात घेऊन खातात, आणि जनावर कापणाऱ्या हातांची मात्र तिथंही एके काळी शिसारी होती. तेव्हा कठड्यापलीकडच्या त्या ओल्या बोटांत जपानचं काही थोरपण मला दिसलं, असं नाही. दिसलं ते माझंच काहीतरी. मी तळवा का पसरला?

कारण मला दोनच रीती माहीत होत्या. घरच्या माणसाकडून घ्यायचं ते बोटांत. आणि ज्याच्याकडून वरून पडणार त्याच्यासाठी तळवा. समर्थांच्या अकरा मारुतींतला एक आमच्या गावात आहे; शनिवारी तिथं रांगेत उभं राहायचं, तीर्थ पळीनं वरून, प्रसाद वरून. पुजाऱ्याची बोटं तळव्यापासून चार अंगुळं वर थांबायची आणि गूळ-खोबरं टपकन पडायचं. त्यात कुणाला अपमान वाटायचा नाही, मलाही वाटला नाही. सोवळं म्हणजे एवढंच ना, मधे सोडलेली चार अंगुळं. कुणाच्या वाट्याला चार, कुणाच्या वाट्याला हातभर.

आणि हातभर अंतर मी आमच्याच मागल्या दारी बघितलं होतं, हे त्या स्टुलावर बसल्या बसल्या आठवलं. साठच्या दशकातली गोष्ट. सकाळी आजी चुलीपुढे, मी तिच्या गुडघ्याला टेकून. भाकरी तव्यावरून उतरवून ती चुलीच्या तोंडाशी उभी करायची. ती टम्म फुगली की पापुद्रा फोडून आत तेल-चटणी, नाहीतर गूळ-तूप, आणि सुरळी थेट माझ्या मुठीत. "भाजंल रं, दमानं," म्हणायची, आणि माझ्या हातावर स्वतःच फुंकर घालायची. तिची बोटं माझ्या बोटांवरून लवकर निघत नसत.

तेवढ्यात मागल्या दारी हाक यायची. "आक्का, भाकर." गोठा झाडून, शेण उचलून झालेलं असायचं. ती बाई पायरीच्या खाली उभी राहायची, उंबऱ्याला तिनं कधी हात लावलेला मला आठवत नाही. पदर पसरायची. आजी उठायची, शिंक्यावरची भाकरी घ्यायची, उंबऱ्यात उभी राहायची आणि पदरावर सोडायची. वरून. वाऱ्यानं पदर हलला तर भाकरी कडेला पडायची, ती बाई हसून उचलायची, धूळ झटकायची.

ही तीच आजी होती. तिच्या मायेत मला तेव्हा खोट दिसली नाही, आजही ती माया खोटी म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

एकदा मी विचारलं. पाच-सहा वर्षांचा असेन. माझ्या मुठीत सुरळी, तोंडात घास. "आजी, तिला वरनं का टाकतीस? हातात का देत न्हाईस?"

आजी चुलीकडे वळली. फुंकणीनं दोनदा फुंकलं. धूर डोळ्यांत गेला असावा, कारण तिनं पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "हात भाजंल तिचा, म्हणून."

मला ते पटलं. किती तरी वर्षं पटलेलं होतं. न्यूयॉर्कच्या त्या कठड्याशी दुसरी सुरळी हातात आली, तिच्या भाताची ऊब तळव्याला लागली, आणि मग ते शिंकं डोळ्यांपुढे आलं.

शिंक्यावरची भाकरी रात्रीची असायची.