कर्ज आणि ऋण

मराठीत कर्ज आणि ऋण हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी त्यांची प्रकृती भिन्न आहे. कर्ज फेडले की माणूस मोकळा होतो. ऋणात मात्र तो आनंदाने राहू इच्छितो. भारतीय परंपरेने मनुष्याला जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी मानले आणि त्यांपैकी ऋषिऋण अध्ययनाने फिटते असे सांगितले. ते अध्ययन समाजातील थोड्यांनाच खुले होते, हा त्या व्यवस्थेचा मोठा दोष. पण शिकल्याने ऋण उतरते, ही धारणा विचार करण्याजोगी आहे. आजच्या इंग्लंडमध्ये हे नाते नेमके उलटले आहे. तेथे शिकल्याने कर्ज चढते आणि इतिहासासारखा विषय घेऊ पाहणाऱ्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न असा उभा राहतो, की या पदवीने हे कर्ज फिटेल काय?

हा प्रश्न तेथेही फार जुना नाही. १९९८ पूर्वी इंग्लंडमधील पूर्णवेळ पदवी अभ्यासक्रमाच्या स्थानिक विद्यार्थ्याला शिक्षणशुल्क स्वतः भरावे लागत नसे. त्या वर्षी वार्षिक १,००० पौंडांपर्यंतचे शुल्क आले; त्याची कमाल मर्यादा २००६ मध्ये ३,०००, २०१२ मध्ये ९,००० आणि २०२५ मध्ये ९,५३५ पौंड झाली. २०१२ च्या बदलांबरोबरच मानव्यविद्यांच्या अध्यापनासाठी मिळणारे सरकारी अनुदान जवळजवळ संपुष्टात आले. शुल्क आणि निर्वाह यांसाठी सरकार कर्ज देते. अभ्यासक्रम संपेपर्यंत ते सरासरीने ४५,००० पौंडांच्या पुढे जाते. २०२३ पासून प्रवेश घेतलेल्यांनी वार्षिक २५,००० पौंडांवरील उत्पन्नाच्या ९ टक्के रक्कम परतफेडीसाठी द्यावयाची असते; ४० वर्षांनंतर उरलेली बाकी माफ होते.

कर्ज आले की पाठोपाठ हिशेब येणारच. लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने २०२० मध्ये असा हिशेब मांडला. कर आणि कर्जाची परतफेड वजा जाता, पदवीमुळे आयुष्यभरात पुरुषाला सरासरी सुमारे १ लाख ३० हजार आणि स्त्रीला सुमारे १ लाख पौंड अधिक मिळतात. मात्र दर पाचांपैकी सुमारे एक पदवीधर, केवळ पैशाच्या दृष्टीने पाहता, पदवी न घेता अधिक सुस्थितीत राहिला असता, असे त्यात आढळले. वैद्यक आणि अर्थशास्त्र लाभाच्या वरच्या टोकाला, ललित कला खालच्या टोकाला आणि इतिहास या दोहोंच्या मध्ये, असे साधारण चित्र आहे.

अशा हिशेबाकडे तुच्छतेने पाहण्याचा मोह विद्याप्रेमी मंडळींना होतो. ज्ञानाचे मोल पैशात होत नाही, असे ते सांगतात. हे वचन खोटे नाही. परंतु ते कोण कोणाला सांगत आहे, याला महत्त्व आहे. ज्यांनी स्वतः विनाशुल्क शिक्षण घेतले, त्यांनी कर्ज काढून शिकणाऱ्या मजुराच्या मुलीला निरपेक्षतेचा उपदेश करावा, हे नीतीला धरून होत नाही. घरची शिदोरी असणाऱ्याला बाजारभाव विसरणे परवडते. इतरांना आकडे माहीत असणे हे त्यांच्या स्वातंत्र्याचेच अंग आहे, आणि भरमसाट शुल्क घेऊन निष्काळजीपणे शिकवणाऱ्या विद्यापीठाला इतिहासाच्या थोरवीआड लपता येणार नाही.

तरीही हिशेब खरा असणे वेगळे आणि पुरा असणे वेगळे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवले जाते, की कागद कोणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि त्यात काय नोंदवले गेले नाही, हे विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नये. उत्पन्नाच्या कोष्टकालाही हीच कसोटी लावली पाहिजे. ते पूर्वी शिकून गेलेल्यांचे उत्पन्न सांगते. आज प्रवेश घेणाऱ्याचे भविष्य त्यात नसते. ते सरासरी सांगते, आणि सरासरी हे कोणा एकाचे आयुष्य नव्हे. त्याहून मोठी उणीव अशी, की पदवीचा लाभ पदवीधराच्या वेतनातच साठतो, असे त्यात गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक इतिहासाच्या बाबतीत टिकत नाही. १९५० च्या दशकात केनियातील माउ माउ उठाव दडपताना बंदिछावण्यांत झालेल्या छळाबद्दल काही वृद्ध केनियन नागरिकांनी २००९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. त्या खटल्यात इतिहासकारांनी साक्षी दिल्या आणि हॅन्सलोप पार्क येथे दशकानुदशके दृष्टिआड राहिलेल्या वसाहतकालीन फायली २०११ मध्ये सरकारला उघड कराव्या लागल्या. ६ जून २०१३ रोजी ब्रिटिश सरकारने संसदेत खेद व्यक्त केला आणि ५,२२८ दावेदारांसाठी, खर्च धरून, १ कोटी ९९ लाख पौंड देण्याचे मान्य केले. इतिहासाच्या या अध्ययनाचे फळ केनियातील म्हाताऱ्या माणसांच्या हाती पडले; इंग्लंडमधील कोणत्याही पदवीधराच्या वेतनपत्रकावर त्याची नोंद नाही.

दुसरे उदाहरण तर प्रत्यक्ष कर्जाचेच आहे. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्याच्या मोठ्या भागातील गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली ती मालकांना. गुलामांना काहीही मिळाले नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील अभ्यासकांनी २००९ पासून या मालकांच्या नोंदी धुंडाळून त्यांची सूची सर्वांना खुली केली. त्या भरपाईसाठी १८३५ मध्ये काढलेल्या कर्जाचा अखेरचा अंश २०१५ मध्ये फेडला गेला. म्हणजे जे विद्यार्थी ९,००० पौंडांचे शुल्क भरून इतिहास शिकत होते, त्यांच्या पालकांच्या करातून तोवर ते जुने कर्ज फिटत होते. समाज कोणाचे देणे लागतो आणि त्याने प्रत्यक्षात कोणाला दिले, हे सांगणारी विद्या फायद्याची आहे काय, असा प्रश्न त्या समाजाने विचारावा, यात मोठी विसंगती आहे.

यावर आक्षेप घेता येईल, की इतिहासाचे बहुसंख्य पदवीधर संशोधक होत नाहीत. ते शाळांत, कचेऱ्यांत, वकिलीत जातात. हे खरे आहे. परंतु पुरावा पारखून घेण्याची सवय असलेले शिक्षक, कारकून आणि मतदार समाजात नसतील, तर संशोधकाने शोधलेले सत्य ऐकून तरी कोण घेणार? तोही लाभ सर्वांचाच. त्याचेही वेतन कोणाला मिळत नाही.

म्हणून अन्याय हिशेब करण्यात नसून हिशेबाच्या मांडणीत आहे. लाभ सर्वांचा, पण खर्च एकाच्या नावे लिहिला जातो आणि मग त्या एकालाच नफा दाखवण्यास सांगितले जाते. चाळीस वर्षांनंतर जी बाकी माफ होते, ती सरकारी खात्यात अखेर तोटा म्हणून पडते. वस्तुतः त्या विद्येतून समाजाने जे घेतले, त्यातला काही भाग त्याने उशिरा आणि नकळत फेडलेला असतो. तो आरंभीच आणि उघडपणे फेडला, तर विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर कर्जाचे ओझे कमी राहील, आणि समाजालाही आपले ऋण आठवत राहील.