जिंकलात, पण चुकलात

पत्त्यांचा शोध माणसानं वेळ घालवण्यासाठी लावला, असं म्हणतात. मला ते पटत नाही. तो दोष दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यासाठी लावला असावा. मेंढीकोटाचंच घ्या. समोर हक्काचा भिडू बसलेला असतो. डाव आला की ‘काय खेळलो आपण!’ आणि गेला की ‘तुला हुकूम मारायला सांगितला होता कोणी?’ गणपतीत रात्री जागवून मी अनेक डाव हरलो, पण माझ्या चुकीनं एकही हरलो नाही. सगळे भिडूच्या चुकीनं.

निवृत्तीनंतर भाच्यानं माझ्या मोबाइलवर ‘हर्थस्टोन’ नावाचा पत्त्यांचा खेळ घालून दिला. ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीनं तो 2014 साली बाजारात आणला. यात राजा-राणी-गुलाम नाहीत. राक्षस, चेटक्या आणि आगीचे गोळे आहेत. आपला जोड 30 पत्त्यांचा आणि जीवही 30 गुणांचा. कुठल्या तरी देशातला, आपण जन्मात न पाहिलेला मनुष्य समोर येतो. एका पाळीला 75 सेकंद. ते संपत आले की पडद्यावर एक दोर जळू लागतो आणि आपला रक्तदाब वाढू लागतो. प्रतिस्पर्ध्याशी भांडायची सोय नाही. ‘नमस्कार’, ‘छान खेळलात’ अशी पाच-सहा ठरावीक वाक्यं तेवढी बोलता येतात. त्यातलं ‘छान खेळलात’ हे नेमकं आपण मार खाताना ऐकवतात. आमच्या घरात मी स्वयंपाकाला मदत केल्यावर ज्या सुरात ‘छान केलंत हो’ म्हटलं जातं, तोच हा सूर.

आणि या खेळात भिडू नाही. ही अडचण माझ्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आली. मग मी नशिबाला भिडू केलं.

खेळाला एक शिडी आहे. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड असे पाच मजले, प्रत्येकाला दहा पायऱ्या, प्रत्येक पायरीला तीन तारे. आणि वर गच्ची, म्हणजे ‘लेजंड’. जिंकलात की तारा मिळतो, हरलात की जातो. महिना बदलला की सगळे पुन्हा तळाशी. पगाराचं जे व्हायचं, तेच.

भाचा म्हणाला, “मामा, वर चढायचं तर गणित समजून घ्या. डायमंडच्या पाचव्या पायरीवर ओळीनं जिंकल्याचा बोनस बंद होतो. तिथून गच्चीपर्यंत 15 तारे. शंभरात 52 डाव जिंकणारा 48 हरतो. म्हणजे शंभर डावांत चार तारे. पंधरा ताऱ्यांना सरासरी पावणेचारशे डाव!”

“म्हणजे चांगला खेळणाराही जवळजवळ निम्मे डाव हरतो?”

“हरतोच. म्हणून एका डावाच्या निकालावरून काही कळत नाही.”

हे मला फार आवडलं. प्रत्येक पराभवावर सही-शिक्क्यानिशी पांघरूण मिळालं! त्या महिन्यात मी गोल्डमधून सिल्व्हरच्या दिशेनं पाहत होतो, पण मन:शांती अशी की विचारू नका.

मग एके दिवशी तो प्रसंग घडला. समोरच्याचे सहा गुण उरलेले, माझा जीव एका गुणावर आलेला. जोडात 20 पत्ते, त्यांत सहा गुणांचा मार देणारे आगीचे गोळे दोन. म्हणजे दहातली एक शक्यता. पत्ता ओढला, आगीचा गोळा! मी आरोळी ठोकली. शेजारी बसलेला भाचा शांतपणे म्हणाला, “मामा, चुकलात.”

“अरे, जिंकलो की!”

“जिंकलात, पण चुकलात. दोन पाळ्यांपूर्वीच तुमच्या मांडलेल्या पत्त्यांची बेरीज त्याच्या गुणांएवढी होती. तुम्ही ती केलीच नाहीत.”

बत्तीस वर्षं बँकेत बेरजा तपासलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं! त्यानं मला एक वही घालायला लावली. हरलेल्या डावात चूक नसेल तर ‘चूक नाही’ लिहायचं. पण जिंकलेल्या डावातली चूक शोधल्याशिवाय झोपायचं नाही. आठवड्याभरात वही भरत आली आणि माझी झोप उडाली. कारण डावांबद्दल लिहिता लिहिता मला एक जुनी वही आठवली. माझ्याच हातची.

2006 साली मी एका शाखेचा व्यवस्थापक होतो. हाताखालच्या एका तरुण अधिकाऱ्यानं एका शेतकऱ्याला पोल्ट्रीसाठी कर्ज दिलं. जागा स्वत: पाहिली, कागद चोख केले, हिशेब मांडला. त्याच फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला. आमच्या गावापर्यंत रोग आला नाही, पण लोकांनी कोंबडी खाणंच सोडलं, भाव कोसळले आणि कर्ज बुडालं. दुसऱ्या एका अधिकाऱ्यानं ओळखीच्या माणसाला जागा न पाहताच कर्ज दिलं होतं. ते वेळेवर फिटलं. वर्षअखेरीला गोपनीय अहवाल लिहिताना मी दुसऱ्याला ‘उत्तम निर्णयशक्ती’ दिली आणि पहिल्याला ‘निर्णयात सावधगिरीचा अभाव’. पहिल्याची बढती लांबली. दुसऱ्यानं पेढे दिले. मी ते खाल्लेसुद्धा.

आता तुम्ही म्हणाल, निकाल पाहायचा नाही तर न्याय करायचा कसा? उद्या प्रत्येक बुडवणारा म्हणेल, ‘साहेब, निर्णय बरोबर होता, नशीब वाईट.’ खरं आहे. मीही सिल्व्हरच्या उंबऱ्यावर तेच म्हणत होतो. मग खरा कुठला आणि सोंग कुठलं? यावर मला एकच कसोटी सापडली आहे. जो फक्त हरल्यावर नशिबाचं नाव काढतो, तो सोंग करतो. जिंकल्यावरही ज्याला ते आठवतं, त्याच्याशी बोलावं. फळाकडे पाहू नये असं आपण कीर्तनात ऐकतो आणि मान डोलावतो. पण आपल्या अहवालात फळाखेरीज दुसरा रकानाच नसतो.

पुष्कळ धीर गोळा करून मी त्या पहिल्या अधिकाऱ्याला फोन केला. तो आता मोठ्या हुद्द्यावर आहे. मी अडखळत म्हणालो, “त्या वेळी मी तुमच्यावर अन्याय केला. तुमची चूक नव्हती.”

तो हसला. “नाही साहेब, होती. त्याचा सगळा माल एकाच व्यापाऱ्याकडे जाणार होता. बाजार पडला नसता तरी तो व्यापारी त्याला अडवू शकला असता. मी ते विचारायला हवं होतं. नंतर प्रत्येक प्रकरणात विचारत आलो.”

म्हणजे त्याची वही तेव्हापासून सुरू होती! आणि तो एक गोष्ट बोलला नाही, ती मला फोन ठेवल्यावर आठवली. त्या प्रकरणाखाली मंजुरीची सही माझी होती. व्यापाऱ्याचं मीही विचारलं नव्हतं. माझ्या अहवालात मात्र कोणीच काही लिहिलं नाही. शाखेचा एकूण आकडा त्या वर्षी चांगला होता.

ते मी वहीत लिहून ठेवलं. डाव क्रमांक नाही, नुसतं साल: 2006. निकाल: जिंकलो. चूक: मोठी.

या महिन्यात मी प्लॅटिनमपर्यंत पोचलो. घरी सांगितलं तेव्हा “छान खेळलात हो” असं त्याच सुरात ऐकायला मिळालं. पण खरं सांगायचं तर त्यातले निदान तीन डाव नशिबानं जिंकले आहेत. आणि परवा एक तारीख आहे.